ख्रिस्ती दैनंदिन साधना

ख्रिस्ती दैनंदिन साधना : ठरलेल्या वेळी रोज केली जाणारी प्रार्थना, शास्त्रवाचन आणि आत्मपरीक्षण. श्रद्धा एखाद्या भारावलेल्या क्षणी जागी होत असली, तरी ती मुरते रोजच्या आणि पुष्कळदा कंटाळवाण्या सवयीत, अशी यामागची धारणा आहे.

या प्रथेचे मूळ ज्यू परंपरेत आहे. बायबलच्या जुन्या करारातील संदेष्टा दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थना करी. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीतील ‘दिदाखे’ ही पुस्तिकाही प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) दिवसातून तीनदा म्हणायला सांगते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी घालून दिलेल्या नियमाने मठातला दिवस प्रार्थना, श्रम व वाचन यांत बांधून दिला.

वाचन संथ हवे, यावर मठवासीयांचा विशेष कटाक्ष होता. बाराव्या शतकातील कार्थुसी संघाचा संन्यासी दुसरा गुईगो याने अशा वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. चार-पाच ओळी घ्यायच्या, पुन्हा पुन्हा पुटपुटायच्या आणि एखादा शब्द मनाला भिडला की तिथेच थांबायचे. अध्याय संपवायची घाई असली की सारे फसते. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या साधनाक्रमाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातल्या दिनपरीक्षणात आधी आभार, मग दिवसाची उजळणी, क्षमायाचना आणि शेवटी सुधारण्याचा निश्चय येतो. आभार पहिले असल्यामुळे ही केवळ चुकांची झडती होत नाही.

अशा सवयींनी कृपा ‘कमावता’ येत नाही, हे प्रॉटेस्टंट विचारवंतांनी ठासून सांगितले. आक्षेप रास्त आहे. खुद्द येशूनेही पोकळ बडबडीविरुद्ध बजावले होते.

या सवयी आपल्याकडेही रुजल्या आहेत. ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या चर्चचा इतिहास पोर्तुगीज काळापर्यंत जातो. ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे परिसरातील मूळच्या कॅथलिक समाजाच्या) घरांत संध्याकाळी एकत्र जपमाळ (रोझरी) म्हणण्याची रीत जुनी. पाच दशकांच्या, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या माळेत आरंभीच्या तीन धरून ‘नमो मारिया’ ही मारियेची प्रार्थना ५३ वेळा येते. मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत ख्रिस्ती मराठी कवी ना. वा. टिळकांची भजने गातात, आणि भजनाची लय घाई करूच देत नाही. ठाण्याहून सीएसएमटीकडे जाणारी स्लो लोकल सुमारे तासभर घेते. गर्दीत एक हात कडीला असला, तरी बोटातल्या दहा मण्यांच्या अंगठीवर माळ होते. त्याच डब्यात कुणी मोबाइलवर वर्षभरात बायबल संपवण्याची योजना पाळत असतो. प्रॉटेस्टंट बायबलचे ११८९ अध्याय म्हणजे रोज तीन-चार. ग्रंथाची ओळख व्हायला हे चांगले, पण गुईगोच्या हिशेबी ही पहिलीच पायरी.