रविवारच्या हजेरीने काय साधते?

इसवी सन ११२च्या सुमारास धाकटा प्लिनी या रोमन राज्यपालाने सम्राट ट्रेजनला एक पत्र लिहिले. काळ्या समुद्राकाठच्या त्याच्या प्रांतात ख्रिस्ती म्हणवणारी माणसे वाढली होती आणि त्यांचे करायचे काय, हे त्याला कळत नव्हते. चौकशीत जे हाती लागले ते त्याने कळवले. ही माणसे ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात, पांगतात आणि साध्या जेवणासाठी पुन्हा एकत्र येतात. असे जमणे त्या काळी जिवावर बेतू शकत होते. विश्वास मनात ठेवून घरी बसणे कितीतरी सोपे होते, आणि काही जण तसे बसतही असावेत. बायबलमधल्या ‘इब्री लोकांस पत्रा’च्या १०व्या अध्यायात, २५व्या वचनात, एकत्र मिळणे सोडू नका, काहींना तशी सवय लागली आहे, असे स्पष्ट बजावलेले आहे.

ख्रिस्ती माणूस उपासनेला जातो तो देवासाठी, रक्तदाबासाठी नव्हे. पण दर आठवड्याला तेच लोक त्याच वेळी जमतात, उभे राहतात, गातात, एकमेकांसाठी प्रार्थना करतात, तेव्हा त्यांच्या देहामनावर काही परिणाम होतोच. तो आता बराच मोजता आला आहे.

यातला सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून आला. ७४,५३४ स्त्रियांना १९९२मध्ये आणि पुन्हा १९९६मध्ये विचारले गेले, की तुम्ही धार्मिक उपासनेला किती वेळा जाता? त्यात बहुतेक जणी कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट होत्या. मग २०१२पर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले. या काळात १३,५३७ जणी मरण पावल्या. कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत आठवड्यातून एकाहून जास्त वेळा जाणाऱ्यांचा मृत्युदर ३३ टक्के कमी निघाला, आठवड्यातून एकदा जाणाऱ्यांचा २६ टक्के आणि त्याहून कमी वेळा जाणाऱ्यांचा १३ टक्के कमी. वय, आहार, व्यायाम, उत्पन्न, आधीचे आजार यांचा हिशेब धरूनच हे आकडे काढलेले आहेत. हजेरी वाढते तसा फरकही पायरीपायरीने वाढतो, हे विशेष ध्यानात घ्यावे. योगायोगात अशी चढण सहसा दिसत नाही.

यावर जाणकार वाचकाचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: जो धडधाकट आहे तोच चर्चपर्यंत पोहोचतो, खाटेला खिळलेला पोहोचत नाही, मग उपासनेमुळे आरोग्य की आरोग्यामुळे उपासना? आक्षेप रास्त आहे आणि जुन्या अभ्यासांना तो खरोखर लागू पडत होता. म्हणूनच इथे हजेरी दोनदा विचारली गेली. १९९२ची हजेरी आणि तब्येत आधी हिशेबात धरली आणि १९९६च्या हजेरीचा परिणाम त्यावरून वेगळा काढला. तरीही चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना चर्चला पाठवले आणि अर्ध्यांना घरी ठेवले, असा प्रयोग कोणी करू शकत नाही. त्यामुळे ३३ हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. दिशा पक्की आहे, नेमके माप थोडे इकडेतिकडे होऊ शकते.

हा फायदा येतो कुठून? त्याच अभ्यासात याची फोड केली आहे. माणसांचा आधार हा सर्वांत मोठा वाटा, सुमारे २३ टक्के. धूम्रपान कमी असणे जवळपास तेवढेच, २२ टक्के. नैराश्याची लक्षणे कमी असणे ११ टक्के, आशावाद ९ टक्के. बाकीचा भाग या चार गोष्टींनी उलगडत नाही. श्रद्धावंताला त्याचे नवल वाटणार नाही. संशोधकाला तिथे अजून काम शिल्लक दिसेल.

आधार म्हणजे नेमके काय, हे चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम यांच्या २०१०च्या अभ्यासाने दाखवले. नेमाने उपासनेला जाणारे लोक आयुष्याबद्दल अधिक समाधानी असतात, पण ज्यांना मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, मित्र आहेत तेच. दर रविवारी येऊन, मागच्या बाकावर बसून, आशीर्वाद होताच कोणाशी न बोलता निघून जाणाऱ्याच्या समाधानात हा फरक जवळजवळ दिसत नाही. आमच्या मते प्रत्येक पाळकाने आणि धर्मगुरूने ही गोष्ट मनावर घ्यायला हवी.

मैत्रीला वेळ लागतो, आणि किती लागतो याचाही अंदाज आहे. जेफ्री हॉल या संशोधकाच्या मापनानुसार नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास सोबत घालवावे लागतात, जवळची मैत्री व्हायला २००हून अधिक. आता गणित मांडा. उपासनेनंतर दारात उभ्याउभ्या १० मिनिटे बोलणे झाले, तर वर्षाला जेमतेम ८ ते ९ तास होतात. ५० तासांना जवळपास ६ वर्षे लागतील, तीही दर वेळी तोच माणूस भेटला तर. याउलट ८-१० जणांचा छोटा गट आठवड्यातून दीड तास प्रार्थनेला आणि शास्त्रपठणाला बसला, तर तेवढेच तास ३४ आठवड्यांत भरतात. मोठी उपासना आणि घरगुती गट यांत एकाची निवड करायची नसते, ती याचसाठी. गट मात्र दर दोन-तीन महिन्यांनी मोडून नव्याने पाडू नये. तास पुन्हा शून्यावर येतात. हे बऱ्याच मंडळ्यांत घडते, आणि मग गट चालत नाहीत अशी तक्रार होते.

अनोळखी लोकांमधला पहिला बर्फ मात्र गाण्याने लवकर वितळतो. ब्रिटनमध्ये प्रौढांच्या वर्गांवर ७ महिने केलेला एक अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांतले लोक शेवटी तेवढेच जवळ आले, पण गायनाच्या वर्गातले पहिल्या महिन्यातच मोकळे झाले होते. एकत्र केलेल्या श्रमाचाही असाच गुण आहे. ऑक्सफर्डच्या नौकापटूंनी एकट्याने वल्हवले आणि मग तेवढेच एका लयीत मिळून वल्हवले, तेव्हा मिळून वल्हवल्यावर त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा वाढलेली आढळली. शरीरातली नैसर्गिक वेदनाशामके, म्हणजे एंडॉर्फिन, अशा वेळी अधिक स्रवतात असे संशोधक मानतात. मंडळीने उभे राहून पोटातून आवाज काढून गायलेले स्तुतिगीत हेही लयीत केलेले श्रमच आहेत.

श्वासाची गोष्ट तर फारच सुंदर आहे. २००१मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधून रोझरीची, म्हणजे कॅथलिक जपमाळेची, ‘नमो मरिये’ ही प्रार्थना म्हणायला लावली. रोझरीत प्रार्थनेचा अर्धा भाग एकाने आणि उरलेला इतरांनी म्हणायचा असतो. एक फेरा साधारण १० सेकंदांचा होतो. म्हणणारा आपला अर्धा भाग एका उच्छ्वासात संपवतो आणि दुसरे म्हणत असताना श्वास भरून घेतो. परिणामी श्वसन मिनिटाला ६च्या आसपास येते. एरवी स्वस्थ बसलेल्या माणसाचे ते १२ ते १८ असते. मिनिटाला ६ या गतीला रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक सजग होते, आणि ते त्यांच्या मापनात स्पष्ट दिसले. प्लिनीने लिहिलेले ‘आळीपाळीने’ इथे आठवते. घाईघाईने, शब्द एकमेकांवर चढवत म्हटलेल्या प्रार्थनेत हा लाभ हरवतो, कारण श्वास घ्यायला जागाच उरत नाही. म्हणणाऱ्याने समोरच्यांचा शेवटचा शब्द पूर्ण ऐकून मगच आपला भाग सुरू करावा.

गाणे फसण्याची कारणेही बहुधा भौतिकशास्त्रातलीच असतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर लांबीच्या चर्चमध्ये पुढच्या ऑर्गनचा सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला एक दशांश सेकंद लागतो. मिनिटाला १०० मात्रांच्या गीतात एक मात्रा ०.६ सेकंदांची असते, तेव्हा मागचे लोक मात्रेच्या सहाव्या हिश्श्याने मागे पडतात. त्यांचा आवाज उलटा पुढे पोहोचेपर्यंत फरक दुप्पट होतो, वादक त्यांच्यासाठी थांबतो आणि गीत रेंगाळत जाते. वादकाने मागच्यांचे ऐकून न थांबता आपली लय धरून ठेवावी, हा पहिला उपाय. दुसरा उपाय बसण्याचा. २०० जणांच्या जागेत ४० माणसे विखरून बसली तर प्रत्येकाला फक्त स्वतःचा आवाज ऐकू येतो, तो दबतो, आणि त्याला पाहून शेजारचाही दबतो. तीच ४० माणसे पुढच्या चार-पाच रांगांत खेटून बसली की आवाज एकमेकांत मिसळतो आणि लाजाळू माणूसही तोंड उघडतो. आणि सूर बेताचा लावावा. न शिकलेल्या गळ्याला सव्वा सप्तकाच्या आतले गीत झेपते. सकाळच्या उपासनेत एक-दोन स्वर खाली घेतलेले बरे. गायकवृंदाला शोभणारी उंच पट्टी मंडळीला मुकी करते.

म्हणूनच पडद्यावरची उपासना प्रत्यक्ष जमण्याची जागा घेऊ शकत नाही. वादकांना एकमेकांचा आवाज २५ ते ३० सहस्रांश सेकंदांपेक्षा उशिरा आला तर लय धरवत नाही. व्हिडिओ कॉलमधला उशीर सहसा १०० सहस्रांशांच्या पुढे असतो, शिवाय यंत्रणा एका वेळी एकच आवाज पुढे जाऊ देते. प्रवचन ऐकू येते, एकत्र गाता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ही सोय मोलाची आहे. ज्याला चालत येता येते त्याच्यासाठी ती अर्धी उपासना आहे.

एकत्र गाण्यात धोकाही आहे, तो लपवू नये. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ६१ गायकांनी अडीच तास सराव केला. एकाला सर्दी-खोकल्यासारखी लक्षणे होती. एकूण ५३ जणांना कोविड झाला किंवा झाल्याचा दाट संशय होता, आणि दोघे दगावले. गाताना बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त सूक्ष्म थेंब हवेत जातात. समोरासमोरच्या खिडक्या उपासना सुरू व्हायच्या आधी उघडाव्या आणि गायनभर उघड्या ठेवाव्या. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र मिळाले तर उत्तम: बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत ४२०च्या आसपास असते, आत ते १,०००च्या पुढे गेले की हवा खेळत नाही असे समजावे. प्रवचनात डोळे जड होतात त्यालाही पुष्कळदा ही कोंदट हवा कारण असते. आणि ताप-खोकला असलेल्याने त्या दिवशी घरी राहावे. त्यात श्रद्धेची काही कमतरता नाही.

मनाला होणारी इजा याहून खोल जाते. ज्या मंडळीत चुगल्या, गटबाजी, जाहीर अपमान चालतात तिथे नियमित जाण्याने मनस्वास्थ्य बिघडते; बाहेरच्याने दुखावले त्यापेक्षा प्रार्थनेत हात धरणाऱ्याने दुखावले तर ते जास्त लागते. लहान मुलांसोबत एकटा प्रौढ कधीच नसावा, नेहमी दोघे असावेत. अर्पणाची मोजदाद एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी करावी. असे साधे नियम पाळणाऱ्या जागेवर लोकांचा भरवसा टिकतो, आणि वर सांगितलेले सगळे फायदे त्या भरवशावरच उभे आहेत.

नियमितपणा जमवायचा कसा? लंडनमधल्या ९६ जणांच्या एका अभ्यासात रोजची नवी सवय अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस लागले, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त; कोणाला १८ तर कोणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने घडी विस्कटली नाही, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट. आठवड्यातून एकदाच होणाऱ्या कृतीला पुनरावृत्ती कमी मिळतात, म्हणून तिला बाहेरचा टेकू लागतो. वेळ एकच ठेवावी, सोबत येणारा माणूस ठरलेला असावा, आणि अंगावर एखादे छोटे काम घ्यावे: गीतपुस्तके वाटणे, खुर्च्या लावणे, वाचनाची पाळी. नुसता ऐकायला येणारा रविवारी सहज चुकवतो. ज्याच्याकडे किल्ली आहे तो येतोच.

दुसऱ्या शतकात, १५५च्या सुमारास, जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. त्यात वाचन, बोध, उभ्याने प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस आहे, अनाथ, विधवा, आजारी आणि कैदी यांच्यासाठी निधी आहे. आणि एक बारकावा आहे: जे हजर नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्याकडे पोहोचवतात. म्हणजे कोण आले नाही, हे कोणीतरी पाहत होते. आजही दोघांवर हे काम सोपवावे. दोन रविवार सलग जागा रिकामी दिसली तर सोमवारीच फोन करावा, आणि ‘का आला नाहीत?’ असे न विचारता ‘कसे आहात?’ असे विचारावे. प्रभुभोजन, म्हणजे ती भाकर आणि द्राक्षारस, घरी नेणाऱ्याने त्या दिवशी मंडळीत झालेले एक गीतही न्यावे, आजाऱ्याला ज्या कानाने ऐकू येते त्या बाजूला बसावे, आणि त्याला श्वास घ्यायला वेळ मिळेल इतक्या सावकाश ते त्याच्यासोबत म्हणावे.