कडेला पण नाही, थेट कोपऱ्यात

टोपोलॉजिकल मटेरियल हे नाव 2016 च्या फिजिक्स नोबेलपासून बऱ्याच जणांच्या कानावर असेल. थाउलेस, हाल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना ते मिळालं होतं. याच घराण्यातलं टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणजे आतून इन्सुलेटर, पण कडेकडेने करंट वाहतो असा पातळ थर, आणि 2007 मध्ये जर्मनीत वुर्झबुर्गला मोलेनकाम्प यांच्या ग्रुपने मर्क्युरी टेल्युराइडच्या थरात हे मोजून दाखवलं. मग 2017 ला बेनालकाझार, बर्नेविग आणि ह्यूज यांनी गणित मांडलं की अशीही चौकोनी जाळी असू शकते जिच्यात आत काही वाहत नाही, कडेलाही नाही, आणि जे काय आहे ते फक्त चार कोपऱ्यांत. याला हायर-ऑर्डर टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात.

लगेच कुणी म्हणेल, टोकाला चार्ज जमतो हे तर बारावीत झालंय. पण ते धातूबद्दल, आणि तिथे सगळा खेळ बाहेरच्या आकाराचा. इथे कोपऱ्यात काय होणार ते आतल्या जोड्या ठरवतात, आणि मला या विषयात सगळ्यात भारी वाटतं ते हेच.

शाळेत प्रार्थनेला पोरं एका रांगेत उभी आहेत असं समजा. पहिला-दुसरा, तिसरा-चौथा अशा जोड्या लावल्या तर कोणी उरत नाही, पण दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा अशा लावल्या तर पहिला आणि शेवटचा एकटे पडतात. मधल्या कुठल्याही पोराला विचारलं तर फरक कळणार नाही, त्याला जोडीदार आहेच. अणूंच्या साखळीत घट्ट आणि सैल बॉन्ड आलटून पालटून आले की हेच होतं. आता जाळी घ्या, तिथे प्रत्येक अणूला एक जोडीदार आडवा, एक उभा. वरच्या कडेच्या अणूला उभा जोडीदार मिळत नाही पण आडवा असतो म्हणून कड शांत राहते, कोपऱ्यातल्याला मात्र दोन्ही नाहीत. तिथे सरासरी अर्ध्या इलेक्ट्रॉनइतका चार्ज येतो. इलेक्ट्रॉन तुटत नाही हं, तो कोपऱ्यांमध्ये वाटला जातो.

एक गोम आहे. इलेक्ट्रॉन इथे लाटेसारखा वागतो, आणि प्रत्येक चौकोनातल्या चार बॉन्डपैकी एकाचं चिन्ह (अधिक-उणे) उलटं लागतं, नाहीतर कोपऱ्याची स्टेट, म्हणजे कोपऱ्यात अडकलेली लाट, आतल्या लाटांच्या एनर्जीत मिसळून जाते. खऱ्या क्रिस्टलमध्ये असं उलटं चिन्ह आणायचं कुठून? म्हणून 2018 मध्ये पहिले पुरावे आले ते क्रिस्टलमधून नाहीच, एका ग्रुपने सिलिकॉनच्या थरथरणाऱ्या पट्ट्या वापरल्या, एकाने मायक्रोवेव्ह रेझोनेटर, आणि वुर्झबुर्गवाल्यांनी सरळ कॉईल आणि कपॅसिटरचा बोर्ड बनवला. कपॅसिटर आणि कॉईल यांचं चिन्ह एकमेकांच्या उलटं असतं, झालं काम. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला कोपऱ्याच्या नोडवर (पार्ट जुळतात त्या बिंदूवर) इम्पिडन्स, म्हणजे एसी करंटला होणारा अडथळा, एकदम चढतो, बाकी बोर्ड गप्प. मुळात हे लाटांचं गणित आहे, लाट कशाची त्याने फरक पडत नाही.

इलेक्ट्रॉनमध्ये हे दाखवणं जास्त कठीण. 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या ग्रुपने तांब्याच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडचे रेणू सूक्ष्मदर्शकाच्या सुईने एकेक करून मांडले, त्यांच्यामधून इलेक्ट्रॉनना कागोमे नावाच्या त्रिकोणी जाळीत वावरायला लावलं आणि कोपऱ्यातल्या स्टेट बघितल्या. ग्राफडाइन नावाच्या कार्बनच्या थरात त्या आपोआप असाव्यात असं गणित सांगतं. क्वांटम कॉम्प्युटरसाठी सुपरकंडक्टरच्या कोपऱ्यांचा विचारही चालू आहे, पण ‘कशानेच न बिघडणारी स्टेट’ वगैरे जे लिहिलं जातं ते मला पटत नाही, जाळीची सिमेट्री, म्हणजे तिचा सारखेपणा, मोडली की हमी पण गेली.

नाशिकमध्ये इंजिनीअरिंग करणाऱ्या पोरापोरींना यातलं बरंच हाताने करता येईल. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत कॉईल आणि कपॅसिटरशी रोजचा संबंध असलेली माणसं भरपूर आहेत, त्यांना गाठा. आधी नुसती साखळी करा, एकसारख्या कॉईल घेऊन प्रत्येक नोड ग्राउंडला जोडा आणि नोड-नोडमध्ये दोन किमतींचे कपॅसिटर आलटून पालटून लावा, टोकाला छोटा कपॅसिटर आला पाहिजे. टोकाच्या नोडला ग्राउंडकडे मोठ्याच्या किमतीचा एक जास्तीचा कपॅसिटर द्या, नाहीतर त्याची फ्रिक्वेन्सी बाकीच्यांपासून सरकते. आणि सगळे पार्ट एलसीआर मीटरवर (कॉईल-कपॅसिटरची किंमत मोजणारं यंत्र) मोजून निवडा, कॉईलचा रेझिस्टन्स जास्त असला तर इम्पिडन्सचं टोक पसरट होऊन दिसणारच नाही.