गिरणी पाडायची की वापरायची : अमेरिकेतल्या छोट्या शहरांच्या पुनर्विकासाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या शहरात मुख्य रस्त्यावरचे बंद पडलेले हॉटेल, जुनी बँक किंवा ओस गिरणी पुन्हा वापरात आणायचा प्रस्ताव येतो, तेव्हा बोलणे सुरू होते ते विटांच्या भिंती आणि उंच खिडक्यांपासून. अडते मात्र हिशेबात. अशा इमारतीच्या दुरुस्तीला जेवढा खर्च येतो, तेवढी तिची किंमत दुरुस्तीनंतरही होत नाही, कारण तिथे भाडीच कमी. मग बँक कर्ज द्यायला कचरते. ही तूट कशी तयार झाली आणि ती भरायचे मार्ग कसे सापडत गेले, हे माहीत नसेल तर आजचा कोणताही प्रस्ताव नीट कळणार नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत शहराचा मध्यभाग, म्हणजे डाउनटाऊन, हीच बाजारपेठ होती. खाली दुकान, वर कचेऱ्या आणि बिऱ्हाडे. युद्धानंतर घरे उपनगरांत गेली. १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्गांचे जाळे विणायला घेतले आणि त्याच वर्षी मिनेसोटातल्या इडाइना इथे साउथडेल हा छताखालचा, वातानुकूलित मॉल उघडला. गाडी लावायला ऐसपैस जागा असलेल्या अशा मॉलपुढे जुन्या रस्त्यावरचा दुकानदार हतबल झाला. आधुनिक दिसावे म्हणून अनेकांनी कोरीव दर्शनी भागांवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले. साउथडेलचा वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन याच्याच आराखड्यातून पुढे आलेल्या कल्पनेवर मिशिगनमधल्या कॅलामझू शहराने १९५९ मध्ये आपला मुख्य रस्ता गाड्यांना बंद करून पादचाऱ्यांना दिला. पुढे अनेक शहरांनी हा कित्ता गिरवला. गिऱ्हाईक मात्र परतले नाही, आणि १९९८ मध्ये कॅलामझूनेच त्या रस्त्याचा काही भाग गाड्यांना पुन्हा खुला केला.

याहून खोल घाव पाडकामाचा होता. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याखाली 'जीर्ण' ठरवलेले भाग शहराने ताब्यात घेऊन मोकळे करायचे, आणि त्यातल्या निव्वळ तुटीचा दोन-तृतीयांश वाटा केंद्र सरकारने उचलायचा, अशी सोय झाली. पाडायला पैसा मिळत होता, सांभाळायला नव्हता. करांचे नियमही त्याच बाजूला झुकलेले होते, कारण पाडकामाचा खर्च उत्पन्नातून वजा करता येत असे. सपाट केलेल्या कितीतरी जागांवर नवे बांधकाम आलेच नाही, फक्त गाड्या उभ्या राहिल्या. मला हा भाग वाचताना आजही वाईट वाटते. त्या वेळी निर्णय घेणारी माणसे शहराच्या भल्याचाच विचार करत होती.

१९६३ मध्ये न्यूयॉर्कचे भव्य पेनसिल्व्हेनिया स्थानक पाडायला सुरुवात झाली आणि लोकांचा रोष उसळला. १९६६ मध्ये राष्ट्रीय वारसा संरक्षण कायदा आला, ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. या नोंदवहीत नाव आले म्हणून खासगी मालकाला इमारत पाडण्यापासून कोणी अडवत नाही. ती अडवणूक स्थानिक नियमांनी होते, आणि जुन्या वस्तीतल्या इमारतींच्या बाह्यरूपावर लक्ष ठेवणारे पहिले नियम दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनने १९३१ मध्येच केले होते.

नोंदवहीला खरे आर्थिक वजन आले ते १९७६ च्या करसुधारणेने. नोंद झालेली इमारत पाडण्याच्या खर्चाची वजावट बंद झाली आणि नूतनीकरणाचा खर्च पाच वर्षांत वजा करायची मुभा मिळाली. १९७८ मध्ये खर्चाच्या १० टक्के रक्कम थेट करातून कापून घेता येऊ लागली, १९८१ मध्ये प्रमाणित ऐतिहासिक इमारतींसाठी हे प्रमाण २५ टक्के झाले, आणि १९८६ मध्ये ते २० टक्क्यांवर आले. ते अजूनही तेवढेच आहे, फक्त २०१७ च्या कायद्यापासून ही सवलत एकदम न मिळता पाच वर्षांत विभागून मिळते.

छोट्या शहराला तिचा उपयोग होतो तो असा. विकासकाला स्वतःला एवढा कर भरायचा नसतोच. म्हणून तो मोठा करभरणा असलेल्या एखाद्या बँकेला किंवा कंपनीला भागीदार करून घेतो, सवलत तिच्याकडे जाते आणि बदल्यात प्रकल्पाला रोख भांडवल मिळते. परतफेड नको, व्याज नको. अटी मात्र कडक आहेत. इमारत उत्पन्न देणारी हवी, त्यामुळे स्वतःच्या राहत्या घराला ही सवलत नाही. नूतनीकरणाचा खर्च इमारतीच्या हिशेबी किमतीपेक्षा जास्त हवा. काम गृहखात्याने ठरवलेल्या निकषांनुसार हवे, म्हणजे मूळ खिडक्या, जिने, मोठी दालने मनाला येईल तशी तोडता येत नाहीत. (अमेरिकेत हे खाते पोलिसांचे नव्हे, जमिनी आणि राष्ट्रीय उद्याने पाहणारे आहे.) बऱ्याच राज्यांनी यावर स्वतःची सवलत जोडली, आणि कमी भाड्याच्या गावांत अनेकदा या दुसऱ्या सवलतीवाचून गणित जुळत नाही.

पैशाबरोबर माणसेही लागतात, हे १९७७ मध्ये सुरू झालेल्या मेन स्ट्रीट प्रयोगाने दाखवले. जुन्या वास्तू जपण्यासाठी काम करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने इलिनॉयमधले गेल्सबर्ग, दक्षिण डकोटातले हॉट स्प्रिंग्ज आणि इंडियानातले मॅडिसन ही तीन गावे निवडली. प्रत्येक ठिकाणी बाजारपेठेसाठी पूर्ण वेळ व्यवस्थापक नेमला. दुकानदारांची संघटना, जाहिरात, दर्शनी भागांची दुरुस्ती आणि कोणता धंदा इथे तग धरेल याचा अभ्यास, अशी चार अंगांची कामे एकत्र चालली. पत्रे उतरले तेव्हा खाली बऱ्याच ठिकाणी मूळ काम शाबूत निघाले.

या सगळ्याचा कस एकाच जागी पाहायचा असेल तर मॅसॅच्युसेट्सच्या वायव्य कोपऱ्यातले नॉर्थ ॲडम्स पाहावे. नदीकाठच्या सोळा एकरांवर इथे अर्नोल्ड प्रिंट वर्क्स ही कापडछपाईची गिरणी होती. यादवी युद्धात तिने उत्तरेच्या सैन्याला कापड पुरवले. १९४२ मध्ये ही जागा स्प्रेग इलेक्ट्रिकने घेतली आणि तिथे कॅपॅसिटर, म्हणजे विद्युत उपकरणांत लागणारे सुटे भाग, बनू लागले. १९६६ च्या सुमारास, अठरा हजार वस्तीच्या गावात, या एका कारखान्यात ४,१३७ माणसे कामाला होती. त्याच काळात पुनर्विकासाच्या नावाखाली मुख्य रस्त्याच्या दक्षिण बाजूचा मोठा भाग पाडला गेला. १९८५ मध्ये कारखाना बंद झाला. बाजार आधीच मोडलेला होता, आता पगारही गेला.

पुढच्या वर्षी जवळच्या विल्यम्स महाविद्यालयाच्या कलासंग्रहालयाचे संचालक टॉमस क्रेन्स नेहमीच्या दालनांत न मावणाऱ्या प्रचंड कलाकृतींसाठी जागा शोधत होते. महापौर जॉन बॅरेट यांनी त्यांना ही गिरणी सुचवली. १९८८ मध्ये राज्याने साडेतीन कोटी डॉलरची तरतूद मान्य केली. मग राज्याचीच तिजोरी आटली आणि योजना रेंगाळली. संचालक जोसेफ टॉम्प्सन आणि सहकाऱ्यांनी खासगी देणग्या जमवल्या, आणि आराखडाही बदलला. नुसत्या संग्रहालयाऐवजी संगीत-नाट्यप्रयोग आले, काही इमारती व्यवसायांना भाड्याने देऊन त्यातून खर्च काढायचे ठरले. माझ्या मते योजना तगली ती या बदलामुळे.

मॅस मोका या नावाने हे संग्रहालय १९९९ मध्ये उघडले. चार हजार नोकऱ्या परत आल्या नाहीत, गावाची लोकसंख्या आज तेरा हजारांच्या आसपास आहे. पण पर्यटक येऊ लागले, भाडेकरू आले, आणि ओस पडलेली जागा कामाला लागली. तीही एकदम नव्हे. सव्वीस इमारतींच्या त्या संकुलातली सहा क्रमांकाची इमारत, सुमारे एक लाख तीस हजार चौरस फुटांची, पाहणाऱ्यांसाठी उघडली २०१७ मध्ये. कारखाना बंद पडून तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती.