पन्हाळ्यावरून नॅव्हरोनला: अचाट मोहिमांच्या चित्रपटांची पार्श्वभूमी

नॅव्हरोन नावाचं बेट कुठल्याच नकाशात सापडत नाही. ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ 1961 साली पडद्यावर आला. त्याआधी चार वर्षं ॲलिस्टर मॅक्लीनची कादंबरी आली होती. बेट, त्यावरचा सरळसोट कडा आणि कड्याच्या पोटातल्या दोन अजस्र तोफा, सगळंच त्याच्या डोक्यातून निघालेलं. मॅक्लीन मूळचा स्कॉटलंडचा शाळामास्तर. युद्धाच्या काळात नौदलात होता आणि एजियन समुद्र त्याने जहाजावरून पाहिला होता. त्या समुद्रात 1943च्या शरद ऋतूत खरोखरच लढाई झाली. लेरोस बेट ब्रिटिशांनी धरून ठेवलं होतं, आणि नोव्हेंबरमध्ये ते जर्मनांनी घेतलं. म्हणजे प्रत्यक्षात ब्रिटिश हरले. कादंबरीत आणि चित्रपटात मात्र मूठभर माणसं कडा चढतात, तोफा उडवतात आणि अडकलेले सैनिक सुटतात.

मूठभर माणसं, अशक्य जागा, काळोखी रात्र, घड्याळाचा धाक आणि एक नामी युक्ती. हा साचा हॉलिवूडने घडवला असं सिनेमावरच्या लेखांतून वाचायला मिळतं. कोल्हापूरच्या माणसाला हे पटवणं अवघड आहे.

पन्हाळा इथून जेमतेम वीस किलोमीटर. 1660च्या मार्च महिन्यापासून सिद्दी जौहरचा वेढा गडाभोवती पडलेला, आत शिवाजी महाराज. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रज तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला आला होता आणि स्वतःचं निशाण लावून गडावर मारा करत होता. जुलैत, मुसळधार पावसात, तहाची बोलणी चालू ठेवून महाराज राजदिंडीच्या वाटेने उतरले. पालख्या दोन निघाल्या. एकीत शिवा काशीद, महाराजांच्या वेशात. तो पकडला गेला, ओळखला गेला, मारला गेला. त्याने मिळवून दिलेल्या वेळात दुसरी पालखी पुढे सरकली. मग घोडखिंडीत बाजीप्रभूंनी वाट अडवून धरली ती विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत. हल्लीच्या पटकथा शिकवणाऱ्या वर्गांत ‘तोतया’, ‘मुदत’ आणि ‘इशारा’ असे जे तुकडे सुटे करून शिकवतात, ते सगळे या एका रात्रीत आहेत. आणि ही गोष्ट खरी आहे.

तेरा वर्षांनी, 1673च्या मार्चमध्ये, कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी हाच गड रात्रीत परत घेतला. वर चढून चारी बाजूंनी कर्णे फुंकले, किल्लेदाराला वाटलं फौजच आत शिरली, असं सांगतात. त्याच काळात जयराम पिंड्ये याने या मोहिमेवर संस्कृत काव्य लिहिलं, ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’. गड पडायचा अवकाश, गोष्ट तयार.

पण अचाटपणाचा खरा मासला बघायचा तर तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा घ्यावा. तानाजीने 4 फेब्रुवारी 1670च्या रात्री कोंढाणा घेतला हा इतिहास. दोर लावण्यासाठी कड्यावर यशवंती नावाची घोरपड सोडली, ही शाहिराची करामत. इतिहासकारांनी घोरपड कधीच बाद केली आहे. तरी ती मेली नाही, कारण ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न तिने सोडवलेला आहे: एवढ्या उंच कड्यावर दोर पोचला कसा? ‘मावळे शूर होते’ एवढ्यावर श्रोता समाधानी होत नाही. त्याला दोराचं टोक दाखवावं लागतं. मग ते घोरपडीच्या कमरेला का असेना.

माझ्या मते या जातीच्या सगळ्या गोष्टींचं मर्म इथेच आहे. त्यांत अशक्य गोष्ट एकच असते, आणि तिच्याकडे नेणारी प्रत्येक पायरी खरीखुरी वाटते. ओला दोर, निसटणारा दगड, पहारेकऱ्याचा खोकला. प्रेक्षक मोठी थाप गिळतो ती या बारक्या खऱ्या घोटांबरोबर.

पोवाड्यातून पडद्यावर यायला हे सगळं पुन्हा कोल्हापुरातूनच आलं. बाबुराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच बनवला आणि 1920 साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ काढला. 1923चा ‘सिंहगड’ हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून. त्यात पेंटर स्वतः शिवाजी झाले आणि व्ही. शांताराम शेलारमामा. गडावरचा हल्ला रात्रीचा. उन्हात चित्रण करून तो रात्रीचा भासेना, म्हणून पेंटरांनी कृत्रिम प्रकाश वापरला. भारतीय चित्रपटात अशा प्रकाशयोजनेची सुरुवात म्हणून ‘सिंहगड’चं नाव घेतलं जातं. यात गंमत अशी की तंत्र पुढे सरकलं ते गोष्टीच्या हट्टापायी. मोहीम रात्रीचीच हवी, दिवसाउजेडी कडा चढण्यात काय मजा?

शिवाय माणसं होती. तालमीतून घोटलेली अंगं, मर्दानी खेळात लाठी आणि दांडपट्टा फिरवणारे हात कोल्हापूरच्या पेठापेठांत होते. उडी मार म्हटलं की मारणारे. मास्टर विठ्ठल याच कंपनीतून पुढे आला आणि मुंबईला जाऊन मूकपटांतला मारधाडीचा बादशहा झाला. हॉलिवूडच्या मूकपटांतल्या तलवारबाज नायकावरून ‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणत त्याला. 1931चा पहिला बोलपट ‘आलम आरा’, त्याचा नायकही तोच. तलवारीने कमावलेलं नाव बोलण्यात कितपत टिकलं हा भाग निराळा.

मग भालजी पेंढारकर. त्यांच्या ऐतिहासिक चित्रपटांवर स्वतंत्र लिहायला हवं. इथे एकाचाच उल्लेख पुरे. ‘बहिर्जी नाईक’ 1943चा. वेश पालटून शत्रूच्या गोटात वावरणाऱ्या हेराची गोष्ट, आणि ती आली तेव्हा जगात दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं.

त्याच वर्षी कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. 1948पर्यंत तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. तिथून इराणमार्गे ती पंचगंगेकाठी पोचली. युद्ध त्यांच्या अंगावरून गेलं होतं, आणि त्यात कडा चढून कुणी त्यांना सोडवायला आलं नव्हतं. अशा चित्रपटांबद्दल बोलताना वळिवडे आठवणीत असलेलं बरं.

आणि तरी त्याच युद्धात इटलीत सेनियो नदीवर 9 एप्रिल 1945 रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधव यांनी जे केलं ते पटकथेत लिहिलं तर निर्माता खोडून टाकेल. खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी सोबत्यांना एकेक करून सुरक्षित जागी नेलं. मग परत फिरून एकट्याने मशीनगनची ठाणी गप्प केली. हाताला गोळी लागून बंदूक पडली तेव्हा हातबॉम्बवर काम भागवलं. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि उरलेल्या कंपनीला पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

युद्ध संपल्यावर ब्रिटन-अमेरिकेत आधी गंभीर, उदास युद्धपट निघाले. अचाट मोहिमांचं पीक आलं ते साठच्या दशकात, आणि हा उशीर समजण्यासारखा आहे. लढून आलेली पिढी चाळिशी-पन्नाशीला आली होती. तिच्या पोरांना युद्ध ऐकीव होतं. जखम भरल्याशिवाय तिच्यावर फुशारकी मारता येत नाही. कच्चा माल मात्र खराच होता. 1942च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या, जर्मनांच्या ताब्यातल्या सेंट नझेर बंदरावर ब्रिटिशांनी ‘कॅम्बेलटाउन’ ही जुनी विनाशिका जर्मन जहाजासारखी नटवली, वर जर्मन निशाण चढवलं, पोटात स्फोटकं भरली आणि ती थेट गोदीच्या दरवाजावर आदळवली. स्फोट झाला दुसऱ्या दिवशी दुपारी, जर्मन अधिकारी जहाज बघत फिरत असताना. शिवा काशीदची पालखी आणि हे जहाज यांची जातकुळी एकच. सुमारे सहाशे माणसं या मोहिमेवर गेली होती, त्यांतली 169 मेली.

चित्रपट हिशेबाचा हा दुसरा रकाना झाकतात. ‘द ग्रेट एस्केप’ 1963चा. 1944च्या मार्चमध्ये जर्मन छावणीतून बोगदा खणून 76 कैदी पळाले. 73 पकडले गेले, त्यांतल्या पन्नास जणांना गोळ्या घातल्या, तिघेच घरी पोचले. चित्रपट हे सांगतो, लपवत नाही. पण प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे राहते ती तारेच्या कुंपणावरून घेतलेली मोटारसायकलची उडी. त्या पलायनात मोटारसायकल नव्हतीच; आणि पडद्यावरची उडीही नायकाने मारलेली नाही, बड एकिन्स या स्टंटमनने मारली.

या सगळ्यांचा मुकुटमणी 1968चा ‘व्हेअर ईगल्स डेअर’. रिचर्ड बर्टन, क्लिंट ईस्टवूड, ऑस्ट्रियातला होहेनवेर्फेनचा किल्ला आणि पाळण्याच्या दोरवाटेवरची मारामारी. मॅक्लीनने पहिल्यांदाच थेट पटकथा लिहिली होती. कोण कुणाचा हेर हे तीनदा उलटंपालटं होतं. युद्ध ऐन भरात असताना किल्ल्यात हेलिकॉप्टर उतरतं, आणि ते ज्या बनावटीचं आहे ती पहिल्यांदा उडाली 1945च्या डिसेंबरात, म्हणजे युद्ध संपल्यावर. कुणाला फरक पडतो? दोरवाटेचा प्रसंग बघा. पाळण्याच्या बर्फाळ टपावर माणूस घसरतो, हातातली बर्फ फोडायची कुऱ्हाड दांडीला अडकते, समोरून दुसरा पाळणा येतोय आणि एवढ्याच क्षणात त्यावर उडी मारायची आहे. पाळणा किती दूर, किती वेगाने येतोय, हात कुठे धरायचा, सगळं प्रेक्षकाला आधीच दाखवून ठेवलंय. घोरपडीच्या कमरेचा दोरच तो.

गडहिंग्लजकडचे एक निवृत्त सुभेदार हा चित्रपट दर वेळी नव्याने बघतात आणि दर वेळी त्याच जागी हसतात. ईस्टवूड दोन्ही हातांत मशीनगन धरून जिना अडवतो तिथे. “ह्येची म्यागझिन सरतच न्हाई बघा.” मग बघता कशाला, असं विचारलं तर म्हणाले, “लढाईत निम्मा वेळ वाट बघण्यात जातोय. ते कोण तिकीट काढून बघणार?” समीक्षकांनी पानं खर्ची घातली तरी यापलीकडे फारसं काही सांगितलेलं नाही.

आपल्याला सगळ्यात जवळची मोहीम मात्र घाटाखाली झाली. 1943च्या मार्चमध्ये, पोर्तुगीज म्हणून तटस्थ असलेल्या गोव्यात, मुरगाव बंदरात ‘एरेनफेल्स’ हे जर्मन जहाज अडकून पडलं होतं. त्यावरच्या गुप्त यंत्रावरून पाणबुड्यांना खबरा जातात असा ब्रिटिशांना संशय. सरळ हल्ला करता येईना. मग निवडले ते कलकत्ता लाइट हॉर्सचे हौशी घोडेस्वार: कलकत्त्याचे व्यापारी, साहेबलोक, बरेचसे पोट सुटलेले. गाळ वाहणाऱ्या एका बार्जमधून ते रात्री बंदरात शिरले आणि 9 मार्चला जहाज बुडालं. ही भानगड तीस-पस्तीस वर्षं गुपित राहिली. 1980 साली तिच्यावर ‘द सी वुल्व्ह्ज’ निघाला. नॅव्हरोनवर चढलेले ग्रेगरी पेक आणि डेव्हिड निव्हन त्यात म्हातारे होऊन पुन्हा मोहिमेवर. चित्रीकरणाचा काही भाग गोव्यातच झाला. सुटलेल्या पोटांचे ते घोडेस्वार लेखकाने रचले असते तर विनोदी म्हणून हिणवले गेले असते.

मराठी वाचकाने ही चव पुस्तकांतूनही घेतली. वाचनालयांतून हातोहात फिरणारा गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप एका पिढीला तोंडपाठ होता, आणि पुढे मॅक्लीनही मराठीत आला. हिंदीत 1997चा ‘बॉर्डर’ मोठा झाला. 1971च्या डिसेंबरात लोंगेवालाच्या ठाण्यावर सव्वाशेच्या आसपास जवानांनी रात्रभर पाकिस्तानी रणगाडे थोपवले आणि पहाटे हंटर विमानांनी येऊन ते टिपले, हा त्याचा पाया. त्यात रात्र आहे, पहाटेची मुदत आहे, आणि म्हणूनच तो आरडाओरडा सोसूनही बघवतो. 2019च्या ‘उरी’त गरुडासारखं दिसणारं ड्रोन खिडकीशी जाऊन बसतं. यशवंतीला पंख फुटले एवढंच.

खटकतं ते दुसरंच. अलीकडच्या पुष्कळ चित्रपटांत मोहीम फत्ते होते ती नायक चिडलेला असतो म्हणून. कडा कसा चढला हे दाखवायच्या जागी संथ गतीतली झेप आणि एक घणाघाती संवाद. संगणकाने हवा तेवढा उंच कडा उभा करता येतो, पण तो चढताना बोटं कुठे रुतली हे दिसत नाही. 2018च्या ‘फर्जंद’ने पन्हाळ्याची साठ माणसांची मोहीम निवडली आणि 2022च्या ‘पावनखिंड’ने बाजीप्रभू, दोन्हींत मला आवडलेला भाग लढाईच्या आधीचा, खलबतांचा आणि बेत आखण्याचा. टाळ्या मात्र संवादांना पडल्या, हेही खरं.

आणि माझी फर्माईश विचाराल तर रेव्हिंग्टन. परक्याच्या वेढ्यात स्वतःचं निशाण फडकवत तोफा डागणारा वखारीतला कारकुनी साहेब, ज्याला वाटलं की डोंगरातला राजा आता संपला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि हा गृहस्थ कैदेत पडला. पन्हाळ्याचा वेढा त्याच्या नजरेतून दाखवला, पाऊस, चिखल आणि ओली दारू यांच्यासकट, तर दोन पालख्यांची बातमी त्याच्या तंबूत पोचते तो प्रसंग बघायला मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जाईन.