थ्री नॉट थ्री आणि टू ए वन: दिसायला जुळ्या, काडतूस वेगळं

पुण्यात पोलिसांच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, माझी नोकरी झाली. नवी पोरं हमखास विचारायची, "उस्ताद, रायफल तर तीच दिसते, मग राउंड आत का जात नाही?"

रायफल तीच नसते. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात थ्री नॉट थ्री (.३०३) रायफल बनत होतीच. १९६२च्या युद्धानंतर तिथेच त्याच सांगाड्यावर, पण जास्त मजबूत पोलाद वापरून, ७.६२ नाटो काडतुसाची टू ए आणि मग टू ए वन निघाली. लाकूड, बोल्टची (नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची) मूठ, तोंडाशी बोथट टोपी, सगळं जवळपास सारखं.

मी पोरांच्या हातात दोन निकामी काडतुसं द्यायचो. .३०३वर बहुधा आपल्या खडकीच्या कारखान्याचा 'केएफ' शिक्का असे. बुडावरून नख फिरवा. .३०३ची बाहेर आलेली कड नखाला अडते, ७.६२ला खाच आहे, तिथे नख आत जातं. .३०३ची पुंगळी (दारू भरलेलं धातूचं आवरण) ५६ मिलिमीटर, दुसरीची ५१. .३०३ टू ए वनमध्ये घातली तर बोल्ट बंदच होत नाही, आणि तिथे जोर लावायचा नसतो.

घोळ आकड्यांनी होतो. .३०३ इंच म्हणजे ७.७ मिलिमीटर, ७.६२च्या अगदी शेजारी. पण हे माप नळीतल्या आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार चरांच्या) उंचवट्यांमधलं आहे. प्रत्यक्ष गोळी एकीची साधारण ७.९, दुसरीची ७.८२. ही बारीकशी तफावत नेमबाजीत फार मोठी आहे, कारण सैल गोळीला आटे नीट धरत नाहीत.

ओळख मॅगझिनवरून पटकन पटते: .३०३चं दहा राउंडचं, टू ए वनचं चौकोनी, बारा राउंडचं. तरी मॅगझिन बदललेलं असू शकतं, म्हणून बोल्टच्या मुठीखालच्या धातूच्या पट्ट्यावरची खूण वाचायचीच. दोन्ही बोअर प्रतिबंधित आहेत, साध्या परवान्यावर मिळत नाहीत.

नेम कुणाचा चांगला? नुसत्या काडतुसावरून हे ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. .३०३चं काडतूस बुडाच्या कडेवर टेकतं, खांद्यावर (पुंगळी जिथे निमुळती होते तिथे) नाही. चिखलातही चालावी म्हणून चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) पुढे ऐसपैस ठेवलेलं. झाडलेली पुंगळी पाहा: खांदा पुढे सरकलेला, अंग फुगलेलं. एवढ्या मोकळ्या जागेत काडतूस दरवेळी एकाच रेषेत बसत नाही. त्यात युद्धकाळात बनलेल्या नळ्यांच्या आट्यांची खोली एकसारखी नाही. ७.६२ खांद्यावर टेकतं, म्हणून इथे ती सरस.

पण जुन्या .३०३चा खरा घात साफसफाईत होतो. काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या जुन्या टोपीतून झाडल्यावर क्षार मागे राहतो. तो तेलाने निघत नाही, उकळतं पाणीच ओतावं लागतं. आमच्याकडे पावसाळ्यात एक दिवस राहिलं की नळीत तांबूस थर दिसायचा. आणि पुलथ्रूची (नळी पुसायला आतून ओढायची) दोरी वर्षानुवर्षं तिरकी ओढली की तोंड एका बाजूने झिजतं. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली की तोंडाचं वर्तुळ लांबुळकं दिसतं. अशा रायफलीच्या गोळ्या ताटाएवढ्या पसरतात, मग ती थ्री नॉट थ्री असो की टू ए वन.