चेहऱ्यावरून होणारी भाव-स्वभावाची पारख आणि लिंगभाव

अनोळखी व्यक्तीचा चेहरा पाहून तिच्या मनःस्थितीविषयी व स्वभावाविषयी जे मत बनते, त्यावर ती व्यक्ती स्त्री आहे की पुरुष या जाणिवेचा पडणारा प्रभाव म्हणजे ही संकल्पना होय. असे मत फार लवकर बनते. विलिस व तोदोरोव या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगांत चेहरा सेकंदाच्या दहाव्या भागापुरता दिसला तरी तेवढे पुरले.

या प्रभावाचे एक कारण चेहऱ्याच्या ठेवणीतच आहे. रागात भुवया खाली उतरतात, आणि पुरुषांच्या भुवया मुळातच दाट व डोळ्यांलगत असतात; याउलट स्त्रियांच्या भुवया काहीशा उंच व चेहरा गोलसर असतो. पुरुषाच्या चेहऱ्यावरचा राग आणि स्त्रीच्या चेहऱ्यावरचा आनंद अधिक चटकन ओळखला जातो, असे बेकर व सहकाऱ्यांना २००७ मध्ये आढळले.

दुसरे कारण अपेक्षेचे असून ते अधिक गंभीर मानले पाहिजे. रडणाऱ्या एकाच बाळाची फिल्म १९७६ च्या एका अमेरिकी अभ्यासात दाखवली गेली, तेव्हा ‘मुलगा’ असे सांगितलेल्यांना त्या रडण्यात राग दिसला, तर ‘मुलगी’ असे सांगितलेल्यांना भीती. बॅरेट व ब्लिस-मोरो यांच्या २००९ मधील अभ्यासात भावनेचे कारण सांगूनही लोकांनी स्त्रीच्या भावनेचे मूळ तिच्या स्वभावात आणि पुरुषाच्या भावनेचे मूळ परिस्थितीत शोधले. मराठीची शब्दसंपदाही याला अपवाद नाही: कपाळाला आठ्या घालून ग्रामसभा चालवणारा सरपंच ‘करारी’ ठरतो, तर त्याच मुद्रेची सरपंचबाई ‘खाष्ट’. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असल्याने सांगली-साताऱ्याच्या गावांतही हा फरक केवळ शब्दांपुरता राहत नाही.

सांगलीच्या रंगभूमीचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि पुढे कित्येक दशके मराठी रंगमंचावर स्त्रीभूमिका प्रामुख्याने पुरुषच करीत राहिले. स्त्रीभूमिकांसाठी गाजलेल्या बालगंधर्वांचे गाव म्हणजे सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील नागठाणे. लुगडे, कुंकू व केशरचना यांमुळे प्रेक्षकाने चेहरा एकदा स्त्रीचा मानला, की खाली झुकलेली नजर त्याला लज्जेची वाटे. पुरुषवेषातील नटाच्या तशाच नजरेत मात्र त्याला ओशाळलेपण किंवा पराभव दिसू शकला असता.