‘द ग्रेट गॅट्सबी’तील श्रीमंती आणि नामानिराळे राहणे

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड (१८९६–१९४०) या अमेरिकन लेखकाची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी १९२५ साली प्रसिद्ध झाली. नायक जे गॅट्सबी याच्या डेझी या विवाहितेवरील फसलेल्या प्रेमाची कथा म्हणून ती ओळखली जाते. पण कादंबरीचा सर्वांत जळजळीत भाग टॉम आणि डेझी बुकॅनन या जोडप्याचा आहे. आपण करायचे आणि दुसऱ्याने निस्तरायचे, ही या दोघांची अंगवळणी पडलेली रीत. ती त्यांना परवडते, कारण टॉमच्या घराण्याचा अफाट पैसा पाठीशी आहे.

कथानक १९२२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर घडते. काल्पनिक ईस्ट एगमध्ये पिढीजात श्रीमंत राहतात, तर पाण्यापलीकडच्या वेस्ट एगमध्ये गॅट्सबीसारखे नवश्रीमंत. शहराकडे जाताना मध्ये राखेचा उजाड माळ लागतो. तिथे जॉर्ज विल्सनचे गॅरेज आहे आणि त्याची बायको मर्टल हिच्याशी टॉमचे संबंध आहेत.

निस्तरणारे हात कुणाचे, हे लेखक आधीपासून दाखवत येतो. गॅट्सबीकडे दर शुक्रवारी संत्र्या-लिंबांची पाच खोकी येतात, सोमवारी पिळलेल्या फोडींचा ढीग मागच्या दाराने बाहेर जातो आणि आठ नोकर दिवसभर पार्टीची मोडतोड सावरत बसतात. गोल्फपटू जॉर्डन बेकर मागून आणलेली गाडी टप उघडा ठेवून पावसात सोडते आणि वर खोटे बोलते. बेफिकिरीने गाडी चालवतेस, असे निवेदक निक कॅरवेने सुनावल्यावर तिचे म्हणणे असे, की बाकीचे लोक जपून चालवतात, ते बाजूला होतील. या एका उत्तरात सगळी कादंबरी सामावली आहे.

पुढे गॅट्सबीची पिवळी गाडी डेझी चालवत असताना मर्टल तिच्याखाली सापडून मरते. गाडी थांबत नाही. त्या रात्री निक खिडकीतून डोकावतो, तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी टॉम आणि डेझी समोरासमोर बसलेले. मध्ये थंड तळलेले चिकन, एल या बिअरच्या दोन बाटल्या, तिच्या हातावर त्याचा हात. दोघांनी खाण्यापिण्याला स्पर्शही केलेला नाही, पण काहीतरी ठरते आहे हे कळते. बाहेर गॅट्सबी तिच्या काळजीने पहारा देत उभा असतो. दोष स्वतःवर घ्यायचे त्याने आधीच ठरवले आहे. त्याची संपत्ती चोरट्या दारूच्या धंद्यातली, तरी या प्रसंगात अंगावर घेणारा तोच एकटा.

दुसऱ्या दिवशी विल्सन पिस्तूल घेऊन येतो, तेव्हा टॉम गाडीच्या मालकाचे नाव सांगून मोकळा होतो. विल्सन गॅट्सबीला गोळी घालतो आणि स्वतःलाही संपवतो. बुकॅनन जोडपे तोवर सामानासह निघून गेलेले असते, पत्ताही न ठेवता. गॅट्सबीच्या अंत्यविधीला डेझीकडून साधे फूलसुद्धा येत नाही.

या दोघांच्या बेपर्वाईवर कठोर शब्दांत बोट ठेवणारा निकही पूर्ण निर्दोष नाही. ऑक्टोबरअखेर फिफ्थ अॅव्हेन्यूवर टॉम भेटतो आणि मर्टलला गॅट्सबीनेच चिरडले, असे ठासून सांगतो. गाडी कोण चालवत होते हे निकला ठाऊक असते, पण तो गप्प राहतो. अखेर तो टॉमशी हस्तांदोलनही करतो. लग्नाच्या आदल्या दिवशी डेझीला साडेतीन लाख डॉलर्सची मोत्यांची माळ देणारा टॉम तिथून जवाहिऱ्याच्या दुकानात शिरतो.